सुगरणीचा खोपा नक्की कोण बांधतं? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी विनंती केली होती, की मराठी साहित्यातल्या झाडापानांबद्दल, पशुपक्ष्यांबद्दल, शेतीमातीबद्दल काही अडलं असेल तर लिहा. पत्रांचा गठ्ठाच आला. एकतीस वर्षं मी जळगाव जिल्ह्यात मराठी शिकवलं. पेपरात ‘कवितेतील निसर्गवर्णन तुमच्या शब्दांत लिहा’ हा प्रश्न दिसला, की दर वेळी माझा जीव कळवळायचा. वर्णन म्हटलं की झाड एकीकडे आणि आपण दुसरीकडे. तुमच्या पत्रांत तसं नव्हतं, म्हणून ती वाचताना फार बरं वाटलं. सगळ्यांना जागा देता येत नाही. पाच निवडली आहेत.

प्रश्न : मी सातवीला विज्ञान शिकवते. सुगरण पक्ष्यांमध्ये घरटं नर बांधतो, असं वर्गात सांगितलं. एक मुलगा उठून म्हणाला, ‘मॅडम, मग बहिणाबाई खोटं बोलल्या का?’ सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मला उत्तर सुचलं नाही. काय सांगू? (एक शिक्षिका, चोपडा)

त्या मुलाला आधी माझी शाबासकी सांगा. मराठीच्या तासाला ऐकलेलं आणि विज्ञानाच्या तासाला ऐकलेलं त्यानं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. एकतीस वर्षांत मला असा प्रश्न एकाही मुलानं विचारला नाही, याचं आता वाईट वाटतं.

तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. खोपा नरच विणतो. पाऊस लागला, गवताची पात लांब झाली, की त्याच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळाधमक रंग चढतो. पातीच्या कडेला चोचीनं खाच पाडायची, ते टोक धरून उडायचं आणि उडता उडता लांब धागा सोलून काढायचा, अशा शेकडो फेऱ्या तो मारतो. खोपा अर्धा झाला, उलट्या टोपीसारखा दिसू लागला, की थांबतो. मग माद्या येतात आणि आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडला तर तो पुढची लांब नळी विणून खोपा पुरा करतो. कुणालाच पसंत पडला नाही, तर ती टोपी तशीच लोंबकळत राहते. मादी आतून थोडी डागडुजी करते, मातीचे गोळे चिकटवते, अंडी उबवते. पिलांना भरवण्याचा बहुतेक भार तिच्यावरच असतो, कारण तोवर नर दुसऱ्या खोप्याच्या कामाला लागलेला असतो. हे सगळं पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी आपल्याच महाराष्ट्रात, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली बारकाईनं पाहून लिहून ठेवलं. त्या वर्षी बहिणाबाई पन्नास वर्षांच्या होत्या आणि इकडे जळगावात शेतात राबत होत्या.

आता गाणं पाहू.

अरे खोप्यामधी खोपा, सुगरणीचा चांगला,
देखा पिलासाठी तिनं, झोका झाडाला टांगला.

यातला ‘तिनं’ हा शब्द पक्षिशास्त्राच्या हिशेबानं चुकला आहे. ते वर्गात सरळ कबूल करा. कवितेची चूक झाकायची म्हणून ‘कवीला स्वातंत्र्य असतं’ असं काहीतरी पुटपुटू नका. मुलांना ते लगेच कळतं.

पण ही चूक आली कुठून, हेही त्यांच्यासोबत शोधा. पक्ष्याचं नावच मुळी सुगरण. जिच्या हाताला चव आहे, जी घर टापटीप ठेवते, ती सुगरण. इतकं नेटकं काम दिसलं, तर ते बाईचंच असणार, असं हे नाव पाडणाऱ्यांना वाटलं असावं. भाषेनं ती मादी आधीच ठरवून टाकली होती, बहिणाबाईंना ती तशीच मिळाली. आणि बहिणाबाईंना तिशीत वैधव्य आलं. पदरात मुलं होती, शेती होती, भाऊबंदकी होती. त्या बाईनं झाडाला टांगलेला झोका पाहिला आणि तिच्या तोंडी ‘पिलासाठी तिनं’ असं आलं. ती पक्ष्याबद्दल सांगतेय आणि स्वतःबद्दलही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना म्हटलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी टिपून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. पुस्तक निघालं १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं, आणि तोवर बहिणाबाई हयात नव्हत्या.

याच गाण्याचा शेवट मात्र तुमच्या विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहिण्यासारखा आहे.

तिची उलूशीच चोच, तेच दात, तेच ओठ,
तुला देले रे देवानं, दोन हात दहा बोटं.

हे निरीक्षण तंतोतंत खरं आहे. खाच पाडायची, सोलायचं, ओवायचं, गाठ मारायची, सगळं त्या एवढ्याशा चोचीनं. दुसरं हत्यार नाही. नर की मादी हे चुकलं, पण काम कसं होतं ते या बाईनं इतकं जवळून पाहिलं होतं.

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर एक वाकडी बाभूळ होती, तिच्यावर दरसाल वीस-पंचवीस खोपे लोंबायचे. आजी सांगायची, सुगरण ओल्या मातीत काजवे चिकटवते, पिलांना रात्री उजेड व्हावा म्हणून. मी दहा वर्षांची असताना दिवाळीनंतर खाली पडलेला एक खोपा उसवून पाहिला. आत वाळलेली माती होती, काजवा नव्हता. मला रडू आलं. आजी म्हणाली, “पिल्लं उडून गेली ना माय, मंग दिवा कशाले?” मातीच्या त्या गोळ्यांचं शास्त्रीय स्पष्टीकरण मी पुढे वाचलं, आजीचं उत्तर मात्र आजही तितकंच प्रिय आहे.

एक करा. जुलै-ऑगस्टात वर्ग घेऊन एखाद्या विहिरीवरच्या बाभळीखाली जा. पुरे खोपे किती आणि अर्धवट टोप्या किती, ते मुलांना मोजायला लावा. पिवळ्या डोक्याचा कारागीर दाखवा. आणि मग तिथेच उभं राहून गाणं म्हणा, चाल येत असेल तर चालीवर.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फाटकावर ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ असं रंगवून घेतलंय. परवा नातीनं पुढचं विचारलं, तर समितीतल्या एकालाही आठवेना. पूर्ण अभंगाचा अर्थ सांगाल का? फाटकाजवळच्या दोन्ही कडुनिंबांना बुंध्यापर्यंत काँक्रीट केलंय, याचीही खंत आहे. (एक आजोबा, चिंचवड)

आजोबा, पहिली ओळ सोडली तर हा अभंग झाडं लावण्याबद्दल नाही, एकांताबद्दल आहे. झाडं, वेली, रानातले जीव आमचे सोयरे, पक्षी गोड आवाजात आळवतात, आणि या सुखामुळे एकांतात राहणं रुचतं. ‘नाही गुण दोष अंगा येत’ या ओळीपाशी मी नेहमी थांबते. चार माणसांत बसलं, की कुणी चांगलं म्हणतं, कुणी वाईट, आणि दोन्ही अंगाला चिकटतं. झाड काही म्हणत नाही. पुढे आकाशाचा मांडव आहे, पृथ्वीचं आसन आहे. मग येते माझी सर्वांत लाडकी ओळ : ‘कंथा कमंडलु देहउपचारा । जाणवितो वारा अवसरु ॥’ देहासाठी एक गोधडी आणि एक कमंडलू पुरे, आणि वेळ काय झाली ते वारा सांगतो. त्यानंतर हरिकथेचं जेवण, तेही नाना प्रकार करून रुचीनं. शेवटी ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥’

वारा वेळ सांगतो म्हणजे काय, ते मला वाचून कळलं नव्हतं. देहूजवळच्या भंडाऱ्या डोंगरावर तुकोबा जाऊन बसत. एका एप्रिलमध्ये मी तिथे दुपारभर बसले होते. पाऊण दिवस अंगाची लाही होत होती, आणि साडेचारच्या सुमारास वारा फिरला, खालून गार झुळूक आली. माझा हात घड्याळाकडे गेला आणि ओळ आठवली.

‘सोयरे’ या शब्दाकडेही लक्ष द्या. आपण ‘सगेसोयरे’ म्हणतो. सगे रक्ताचे, सोयरे लग्नसंबंधानं जोडलेले. भाऊबंद जन्मानं मिळतात आणि बांधावरून भांडतात. सोयरीक जुळवावी लागते, मग जाणं-येणं ठेवावं लागतं, मानपान सांभाळावा लागतो. तुकोबांनी झाडांना भाऊबंद म्हटलं नाही, याचं मला फार महत्त्व वाटतं. हे माझं वाचन आहे, कुणाला पटेल, कुणाला नाही.

आणि हे म्हणणारा माणूस निसर्गाच्या कौतुकात वाढलेला नव्हता. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळानं त्याचं घर धुऊन नेलं होतं. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ हेही त्याचेच शब्द. पाऊस न आल्यानं ज्याची बायको उपाशी मेली, तो पुढे रानाला सोयरा म्हणतो. नातीला हे दोन्ही अभंग एकदमच सांगा. ती लहान आहे म्हणून दुसरा लपवू नका.

कडुनिंबांचं म्हणाल तर पुढच्या बैठकीत विषय काढाच. बुंध्याभोवती निदान दोन हात काँक्रीट फोडून माती मोकळी करायला एक मजूर आणि एक दिवस पुरतो. फाटकावर सोयरे लिहिलंय, तर त्यांच्या पायाला पाणी तरी पोचू द्या.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, इथेच न्यू जर्सीत जन्मलेली. तिला बालकवींची ‘औदुंबर’ वाचून दाखवली. तिनं विचारलं, ‘पाण्यात पाय सोडून कोण बसलंय?’ झाड आहे म्हटलं तर तिला खरं वाटेना. आणि ही कविता दुःखाची आहे का? (एक आई)

तिचा प्रश्न अगदी बरोबर जागी पडलाय. आठ ओळींच्या या कवितेत चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसाच्या सगळ्या खुणा आहेत, आणि माणूस एकही नाही. माणसासारखं बसलंय ते झाड. तिला त्या जागी कुणीतरी बसलेलं दिसलं, यातच ती कविता तिला पोचली.

औदुंबर म्हणजे आपला उंबर. फोटो दाखवा, पण खोडाचा दाखवा, कारण त्याची फळं फांदीच्या टोकाला नाही, थेट बुंध्याला आणि जाड फांद्यांना घोसानं लागतात. त्याला पाण्याची जवळीक लागते. आमच्याकडे जुने लोक विहिरीची जागा धरताना उंबर कुठे आहे ते आधी बघत. त्यामुळे ‘पाय टाकुनी जळात’ ही नुसती कल्पना नाही, ओढ्याकाठच्या उंबराची मुळं खरोखर तशीच पाण्यात उतरलेली असतात. त्याची फुलं फळाच्या आत असतात, बाहेर दिसतच नाहीत. म्हणून फार दिवसांनी कुणी भेटलं की आपण म्हणतो, ‘उंबराचं फूल दिसलं!’ पुढच्या सुट्टीत इकडे आलात की आजी तुम्हा दोघींना हेच म्हणेल.

दुःखाचं म्हणाल तर, रंग मोजा. हिरवाळी, निळासावळा झरा, पुन्हा हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, मग काळा डोह आणि ‘गोड काळिमा’. काळ्याच्या आधी ‘गोड’ आहे. बालकवी १९१८ साली जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वे अपघातात गेले, वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ते ठाऊक असलेल्या आपल्याला काळ्या डोहात मृत्यू दिसू लागतो. नऊ वर्षांच्या मुलीला तो दाखवायची घाई करू नका. तिला तूर्त पाय सोडून बसू द्या.

प्रश्न : मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. कवितेतला पाऊस नेहमी वेळेवर येतो आणि रान नेहमी हिरवं असतं. आमच्याकडे गारपीट आहे, रानडुकरं आहेत, आटलेली विहीर आहे. हा निसर्ग साहित्यात का नाही? खरं सांगतो, मला या विषयाचा राग येतो. (एक वाचक, मेहकर)

तुमचा राग मला ओळखीचा आहे. आमची केळी यावल तालुक्यात. एका साली जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं. मृगबाग होती, म्हणजे आदल्या मृगात लावलेली, घड भरलेले, प्रत्येक झाडाला बांबूचा टेकू. पाऊण तासात अख्खी बाग आडवी झाली. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि दुसऱ्याच दिवशी माझा निसर्गकवितेचा पेपर होता. वडील बांधावर बसून राहिले. आईनं काही न बोलता कोयता घेतला आणि गुरांसाठी पानं तोडायला लागली. पेपरात मी पावसाबद्दल काय लिहिलं ते आठवत नाही. आठवावंसंही वाटत नाही.

पण हा निसर्ग साहित्यात नाही, हे मात्र मला मान्य नाही. तो आहे, फक्त ‘निसर्ग’ या मथळ्याखाली आपल्याला शिकवला जात नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा रुजते, वाडीला तालीम बांधली जाते, आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरायला लागतात, माणसं उरलेली मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते. लेखक आभाळाला नावं ठेवत नाही, रडत नाही. आमच्या आईच्या कोयत्यासारखी ती भाषा आहे. पुस्तक वाचताना मला तीच सकाळ आठवली.

तुमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ तुम्ही वाचली नसेल, तर आजच मिळवा. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ शेतीत कसा पिळून निघतो, ते त्यात आहे. २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणानं उठवलेल्या माणसांची आहे. नदी तीच, पण गाव पाण्याखाली गेलं की माणसाचं तिच्याशी काय नातं उरतं, ते तिथे वाचा. ना. धों. महानोर स्वतः पळसखेडला शेती करणारे, ‘रानातल्या कविता’ त्यांनी १९६७ साली दिल्या, आणि पुढे विधान परिषदेत पाण्यासाठी बोलत राहिले. त्यांचं रान हिरवं दिसतं म्हणून ते खोटं समजू नका. ज्यानं विहिरीचा तळ पाहिलाय, त्यालाच भरलेल्या कणसाचं एवढं अप्रूप असतं.

बहिणाबाईंचंही तसंच. ‘धरत्रीच्या कुशीमधी, बीय बियानं निजली, वऱ्हे पसरली माटी, जशी शाल पांघरली’ हे ऐकायला गोड आहे. पण पेरून झाल्यावर पावसाची वाट बघणाऱ्या घरात ते म्हणून बघा. बी निजलंय म्हणताना ते उठेल की नाही, याची धास्ती त्यात आपोआप येते.

रानडुकरांचं मात्र तुमचं म्हणणं मी मान्य करते. रात्र रात्र मचाणावर जागणाऱ्या, डबे वाजवणाऱ्या शेतकऱ्याची मोठी गोष्ट माझ्या वाचनात अजून आलेली नाही. तुमचं पत्र दोन पानी आहे आणि त्यात डुकरांनी लोळवलेल्या मक्याचा जो परिच्छेद आहे, तो मी तीनदा वाचला. पत्र म्हणून नको, तो लेख म्हणून पुरा लिहा. माझ्या नावानं पाठवा, संपादकांकडे मी घेऊन जाईन.

प्रश्न : बगळे, करकोचे एकत्र घरटी करतात त्या जागेला मराठीत शब्द आहे का? (एक पक्षिमित्र, गोंदिया)

आहे, आणि तुमच्या भागाशी त्या शब्दाचं नातं जवळचं आहे. नवेगावबांधच्या रानात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींनी त्याला ‘सारंगागार’ म्हटलं, आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. रानात राहणाऱ्या माणसांकडून पक्ष्यांची नावं ऐकायची, टिपायची आणि पुस्तकात आणायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं.

तुमच्याकडच्या ढिवर आणि गोंड वस्त्यांत या पक्ष्यांना काय म्हणतात, ते विचारून मला कळवाल का? नाव, ते सांगणाऱ्याचं गाव, आणि तो पक्षी त्यांना कुठल्या महिन्यात दिसतो, एवढं पोस्टकार्डावर मावेल.